मोजणीतला माणूस

त्याला कुणी थँक्यू म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. 'शुक्रन' चालायचं नाही, 'मेहेरबानी' चालायची नाही, आणि 'तुम्हाला पुण्य लागेल' असं म्हणणाऱ्या एका भोळ्या रत्नागिरीकराला तर त्याने भर लेबर कॅम्पमध्ये झाडलं होतं. त्या माणसाचा पाय मोडला होता. ह्याने रोज कामावरून परस्पर जाऊन त्याचं भांडं उचललं होतं, नखं कापली होती, दाढी केली होती. बरा झाल्यावर तो बिचारा नारळ घेऊन पाया पडायला आला.

"ऊठ!" हा ओरडला. "पुण्य तुझ्या घरी ने. मला हुकूम आहे म्हणून आलो. पोस्टमन पत्र टाकतो, त्याच्या पाया पडतोस का?"

नारळ मात्र ठेवून घेतला. नारळाचं काय चुकलं, म्हणाला.

बहरीनला, तुबलीच्या वर्कशॉपमध्ये तो आमचा फोरमन होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडलं नसतं. मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, आणि अहो-जाहो मी जन्मात कुणाला केलं नाही, तेव्हा त्यालाही नाही. तो मला 'सुतार' म्हणायचा, मी त्याला 'फोरमन'. दोघंही रायगडकडचे. तो बेने इस्रायल. म्हणजे धर्माने यहुदी, पण माणूस आपल्याच मातीतला. त्यांचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून आमच्याकडे त्यांना शनवार तेली म्हणत. बोली आमचीच, शिव्या आमच्याच. फक्त कोळंबी नाही, खेकडा नाही, मोरी नाही. खवल्याचा मासा असेल तेवढा खायचा.

"अलिबागच्या माणसाने कोळंबी खायची नाही, हा कुठला रे तुझा देव?" मी विचारायचो.

"आम्ही अलिबागला यायच्या आधीच तो बोलून बसला होता," तो म्हणायचा. "आता शब्द फिरवता येत नाही त्याला."

इकडे बहरीनला सुट्टी शुक्रवारची. सगळे कॅम्पमध्ये झोपलेले असताना हा एकटा वर्कशॉप उघडून रंधा मारत बसायचा, आणि शनिवारी घरी. शेठने सुरुवातीला कटकट केली, मग सोडून दिलं. हमद टाउनला एका राउंडअबाउटजवळ त्याची खोली होती. दाराच्या चौकटीला उजव्या हाताला बोटभर लांबीची एक डबी तिरकी ठोकलेली. आत त्यांच्या धर्माचा मजकूर असतो म्हणे. येता-जाता तिला हात लावायचा आणि बोटं ओठाला लावायचा. मी म्हटलं, सरळ ठोकून देतो, तिरकी बसलीय. तर म्हणाला, "तू तुझी कपाटं सरळ कर."

त्यांच्यात मित्स्वा म्हणून शब्द आहे. मी त्याला चांगलं काम म्हणायचो, आणि तो दर वेळी तेवढ्याच जोराने सुधारायचा. चांगलं काम नाही, हुकूम. मनाला आलं म्हणून करायचं नाही, मनाला आलं नाही तरी करायचं. आजाऱ्याकडे जायचं, मयताजवळ बसायचं, सापडलेली वस्तू परत करायची. मला ते पटत नव्हतं. मी म्हणायचो, जबरदस्तीने केलेलं कसलं चांगलं? तो म्हणायचा, "तुझ्या मनाचा भरवसा काय? आज येईल, उद्या नाही येणार. आजारी माणसाने तुझ्या मनाची वाट बघत पडायचं?"

तरी मी हो म्हटलं नाही.

कठड्याची गोष्ट सगळ्या वर्कशॉपला माहीत आहे. हमद टाउनलाच एका बंगल्याच्या गच्चीवर लाकडी मांडव घालायचं काम होतं. मालकाला गच्ची मोकळी हवी होती, कडेला काही नको. हा अडून बसला. घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालायचाच, असा आम्हाला हुकूम आहे, म्हणाला. कुणी पडलं तर त्याचं रक्त त्या घरावर. आमचा इंजिनीअर पुण्याचा, वयाने लहान पण बोलायला गोड.

"काका, घर मालकाचं आहे ना? तुमचं नाही."

"हात माझे लागलेत त्याला."

शुक्रवारी एकट्याने जाऊन ह्याने उरलेल्या फळ्यांचा कठडा ठोकला. रविवारी इंजिनीअरने तो काढायला मला पाठवलं. मी काढला. पुढच्या शुक्रवारी ह्याने पुन्हा ठोकला. पुन्हा मी काढला. मला एवढंच म्हणाला, "खिळे सरळ करून ठेव, परत लागतील." शेवटी शेठने त्याला त्या कामावरून उचललं आणि वर्कशॉपमध्ये बसवलं.

त्या गच्चीवरून आजपर्यंत कुणी पडलं नाही. इंजिनीअर दर भेटीला चिडवायचा, "काय काका, कुणी पडलं का?"

"नाही पडलं. बरं झालं," हा म्हणायचा. "तरी कठडा पाहिजेच होता."

माझी बायको गावी वारली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता. मला जाता आलं नाही. इकडे फोनवर चिता पेटलेली दाखवली, मी बघितली, फोन ठेवला. संध्याकाळी फोरमन खोलीवर आला. चपला काढल्या, खाली जमिनीवर बसला, डब्यातून उकडलेलं अंडं काढून माझ्यासमोर ठेवलं आणि गप्प. मीही गप्प. मला वाटलं, भेटायला आलाय तर दोन शब्द तोच बोलेल, मी का आधी बोलू? तो काही बोलला नाही. दिवेलागण झाली, उठून गेला. दुसऱ्या दिवशी तसंच, अंडं आणि गप्प. मी मनात म्हटलं, बघू कोण थकतं.

तिसऱ्या दिवशी मलाच राहवलं नाही. म्हटलं, "अंडं गार झालं."

"हो," तो म्हणाला. "खा."

मग मी रडलो. तो बसून राहिला. पुढे कधीतरी कळलं, दुखवट्याला अंडं न्यायची त्यांच्यात रीतच आहे, आणि नियमही आहे: ज्याच्या घरी मयत झालं त्याने तोंड उघडेपर्यंत भेटायला आलेल्याने बोलायचं नाही. तो नियमाने गप्प होता आणि मी हट्टाने.

आता मुख्य गोष्ट. त्यांच्या मयतावर एक प्रार्थना म्हणतात, कद्दिश. ती म्हणायला त्यांच्या धर्माचे दहा मोठे पुरुष लागतात. नऊ असले तर म्हणत नाहीत. बहरीनमध्ये ही माणसं पूर्वी बरीच होती, आता मोजकी घरं उरलीत, सगळी इथलीच, अरबी बोलणारी. फोरमन इथे आला तेव्हा त्यांना पटेना. हा काळा कोकणी माणूस, हिंदीत बोलणारा, ह्याला आपला कसा म्हणायचं? त्यांच्यातला जो वडीलधारा, त्याला आम्ही 'मोठा' म्हणायचो, त्याने परीक्षा घेतली. ह्याने आईने शिकवलेली प्रार्थना म्हणून दाखवली. चाल वेगळी, पण शब्द तेच. तेव्हापासून त्यांच्या नऊ माणसांत हा दहावा.

फोन आला की हा निघायचा. गोंद लावलेली फळी तशीच टाकून जायचा आणि मला म्हणायचा, "शिकंजा लाव रे, मला मोजायला बोलावलंय." गाता येत नव्हतं, अरबी धड येत नव्हतं, मागे उभा राहायचा. "माझं काम काय? उभं राहायचं," म्हणायचा. "पण मी नसलो तर त्या मेलेल्या माणसाचं अडतं. शेठचं माझ्यावाचून काही अडत नाही."

ह्याचा त्याला गर्व होता. मला तो गर्व आवडायचा, कारण मीही तसलाच.

पण त्याला एक भीती होती, आणि ती त्याने लपवली नाही. जेवताना, काम करताना, मधेच बोलायचा. "सुतार, मी मेलो की हे नऊ उरणार. माझ्याच मयताला दहा भरायचे नाहीत बघ." बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन इस्रायलला, गावातली त्यांची घरं कुलूप लावून निघून गेलेली. गावी नेलं असतं तरी दहा कुठले मिळणार? आणि त्यांच्यात मयत ठेवत नाहीत. विमान, पेटी, बर्फ, हे त्याला नकोच होतं. इथल्या जुन्या कब्रस्तानात जागा द्यायचं त्या मोठ्याने कबूल केलं होतं. दहावा माणूस मात्र तो कुठून देणार?

किडनीने धरलं तेव्हा तो हॉस्पिटलमधून मला ऑर्डर देत होता. पेटी साध्या फळ्यांची. खिळे नकोत, लाकडी खुंट्या मार. पॉलिश नको. "सनमायका लावलास तर उठून बसेन."

"उठून बस," मी म्हटलं. "मग काम वाचेल माझं."

हसला नाही. माझं मनगट धरलं. "दहा बघ रे."

त्याने माझ्याकडे काही मागितलं असं ते पहिलं आणि शेवटचं.

शुक्रवारी पहाटे तो गेला. मुलीला मी फोन केला. ती मराठीतच बोलली, रडत होती. म्हणाली, "काका, माझ्यासाठी थांबू नका. बाबांना वाट बघायला लावू नका." शुक्रवार म्हणजे सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो. त्यानंतर पुरणं नाही, कब्रस्तानात थांबणं नाही. म्हणजे हातात फक्त एक दिवस. त्या मोठ्याने सुट्टीच्या दिवशी ओळखी लावून कागद सोडवले. मी पेटी आधीच करून ठेवली होती. नऊ माणसं जमली, त्यातलं एक व्हीलचेअरवर. त्यांनी आत त्याला आंघोळ घातली, पांढरं नेसवलं. मी बाहेर उभा होतो. मला आत घेतलं नाही, आणि तो जिवंत असता तरी त्यानेही घेतलं नसतं, म्हणून मी काही बोललो नाही.

मोठा बाहेर आला. हिंदीत म्हणाला, "सुतार साहब, नौ हैं."

मी त्याला म्हटलं, "आमच्या वर्कशॉपची, कॅम्पची चाळीसेक माणसं येतायत. त्यातला एक धर. मला धर."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. "ये मेरे हाथ में नहीं है."

मला एक माणूस माहीत होता. अमवाज आयलंड्सवर एका गोऱ्या साहेबाच्या फ्लॅटमध्ये फोरमनने आणि मी कपाटं बसवली होती. त्याच्या दाराच्या चौकटीला तसलीच तिरकी डबी होती. फोरमनने आत जाताना तिला हात लावून बोटं ओठाला लावली आणि साहेब बघतच राहिला. मग हसला. दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत. त्या दिवशी मात्र साहेबाने स्वतः चहा करून दिला होता.

पण ही गोष्ट तिकडे इस्रायलची लढाई सुरू व्हायच्या आधीची. त्यानंतर इथे असली माणसं आपला धर्म लपवायला लागली होती.

टॅक्सीने गेलो. खाली वॉचमनने अडवलं, कपाटाचं काम आहे म्हणून सांगितलं. बेल वाजवली. दार उघडायच्या आधी माझी नजर चौकटीवर गेली. डबी नव्हती. दोन भोकं पुट्टीने बुजवलेली, एक वर, एक खाली, तिरकी. रंग लावायचं राहून गेलं होतं.

साहेबाने मला ओळखलं. मी माझ्या इंग्लिशमध्ये सांगितलं: फोरमन डेड. टुडे. टेन मॅन प्रेयर. नाइन मॅन. वन शॉर्ट.

तो माझ्या मागे जिन्याकडे बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "सॉरी अबाउट युवर फ्रेंड. बट यू हॅव द राँग मॅन."

माझा हात त्या पुट्टीकडे जायला निघाला होता. मी तो खाली घेतला. एवढंच म्हटलं, "मनामा. ओल्ड ज्यू कब्रस्तान. बिफोर सनसेट." दार लागलं. आतून कडी घातल्याचाही आवाज आला.

मी परत आलो तेव्हा पेटी खड्ड्यात उतरवून झाली होती. आमची माणसं घमेली-फावडी घेऊन आली होती. त्यांनी काय केलं, सवयीने रांग लावली, स्लॅब टाकताना लावतात तशी. एकाने घमेलं भरायचं, ह्या हातातून त्या हातात, शेवटच्याने ओतायचं. यल्ला यल्ला सुरू झालं. माणसं प्रेमानेच करत होती, सूर्य उतरत होता म्हणून घाई करत होती. मोठा धावत आला. "मफी, मफी! नहीं, हाथ में मत दो!" त्यांच्यात माती टाकताना फावडं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं. टाकून झालं की खाली ठेवायचं, पुढच्याने ते स्वतः उचलायचं. दुःख एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं, असं त्याने समजावलं. मग रांग मोडली. चाळीस माणसं एकेक करून पुढे येत होती, फावडं उचलत होती, माती टाकत होती, फावडं ठेवत होती. मातीचा पेटीवरचा आवाज आधी पोकळ येत होता, मग तो बंद झाला.

खड्डा भरला. ते नऊजण एका बाजूला उभे राहिले. मोठा पुन्हा पुन्हा आभाळाकडे बघत होता. एवढी माणसं उभी होती आणि दहा भरत नव्हते.

"चला," तो शेवटी म्हणाला. "खलास."

तेवढ्यात फाटकाबाहेर एक पांढरी गाडी येऊन थांबली. काचा काळ्या. इंजिन चालू. कुणी उतरलं नाही. मी जाऊन बघितलं, समोरच्या काचेतून साहेब दिसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी दार उघडायची खूण केली. त्याने मान हलवली, नाही.

मी परत येऊन मोठ्याला सांगितलं. त्याने फाटकाबाहेर गाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "उतरने की ज़रूरत नहीं. उसको बोलो काँच नीचे करे." त्यांच्या कायद्यात आहे: माणूस बाहेर असला, पण खिडकीतून त्याचं तोंड आतल्या माणसांना दिसलं, तर तो आतला धरतात.

मी गाडीजवळ गेलो. वय झालंय, गुडघे दुखतात, तरी वाकलो, कारण काचेतून माझं तोंड त्याला दिसायला पाहिजे होतं. बोटाने काच खाली करायची खूण केली. "नो कमिंग," मी ओरडलो. "ओन्ली ग्लास. ओन्ली फेस." तो माझ्याकडे बघत राहिला. मी हात जोडले नाहीत. मी कुणापुढे हात जोडत नाही. पण तिथून हललोही नाही.

काच खाली आली. पूर्ण नाही, हनुवटीपर्यंत. त्याने खिशातून छोटी टोपी काढून डोक्यावर ठेवली होती. मी बाजूला झालो. आतून मोठ्याला त्याचं तोंड दिसलं, आणि तो म्हणायला लागला. नऊजण आमेन म्हणाले. गाडीतले ओठही हलले, ते मी जवळून बघितलं.

निम्मं झालं असेल नसेल, गल्लीतून एक जीप हॉर्न मारत आली, आत चार-पाच जण. त्यांना फक्त वाट हवी होती. काच झर्रकन वर गेली. गाडी मागे घेतली, वळवली आणि गेली.

मी वळून आत बघितलं. मोठा थांबला नव्हता. डोळे मिटून शेवटपर्यंत म्हणाला. मग सगळे घाईने निघाले, त्यांचा शब्बाथ लागत होता. व्हीलचेअर ढकलत मोठा फाटकाशी आला, तेव्हा मी त्याला आडवा झालो.

"तो निघून गेला," मी म्हटलं. "अर्ध्यातच. मग हे धरायचं की नाही? फोरमनचं झालं की नाही झालं?"

तो दमला होता. म्हणाला, "शुरू किया तब दस थे. बीच में कोई जाए तो रुकते नहीं, पूरा करते हैं. हो गया, सुतार साहब."

सगळे गेल्यावर कब्रस्तानच्या माणसाने फाटकाला कुलूप घातलं. आमची माणसं घमेली गाडीत टाकत होती. अमवाजच्या त्या साहेबाला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही. कपाटाच्या बिजागऱ्या कुरकुरतात म्हणून परवा त्याने फोन केला, मी उचलला नाही. पण दहावा तोच होता. त्याला मी मोजलाय.